जाणत्या मुलाचे घर

ज्युबिली हा शब्द आपण सामान्यतः आनंदोत्सवाच्या अर्थी वापरतो. परंतु त्याचे मूळ इस्राएल लोकांच्या नियमशास्त्रात आहे. लेवीयाच्या पुस्तकातील पंचविसाव्या अध्यायात पन्नासाव्या वर्षाविषयी जी आज्ञा आहे, तिचा भावार्थ असा की, त्या वर्षी रणशिंग फुंकावे, दासांस मोकळीक द्यावी आणि प्रत्येकाने आपापल्या कुळात परत जावे. परंतु ज्याला परत जावयास कुळच नाही, त्याने कोठे जावे? धर्मग्रामाच्या या स्मरणिकेत प्रार्थनामंदिराच्या इतिहासाबरोबर या प्रश्नाचाही थोडा इतिहास असावा, असे आम्हांस वाटते.

आम्ही राहतो तो कपिलधारेचा परिसर मन्मथस्वामींच्या समाधीमुळे पावन मानला जातो. कार्तिकी पौर्णिमेस वीरशैव बांधवांच्या दिंड्या येथे येतात. त्याच सुमारास, दिवाळी आटोपून, आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोडीची कुटुंबे कारखान्यांची वाट धरतात. कित्येक मुले तेवढे महिने आजी-आजोबांपाशी राहतात. आईबापांवाचून घर कसे असते, हे या भागात कोणास समजावून सांगावे लागत नाही. या मुलांचे आईबाप हंगाम संपताच परततात. परंतु ज्यांच्याकडे परतणारे कोणीच नाही, अशीही मुले आहेत, आणि त्यांतील पुष्कळ नऊ, बारा, पंधरा वर्षांची आहेत.

दत्तक घेऊ इच्छिणारी दांपत्ये सल्ल्याकरिता धर्मगुरूकडे येतात. बहुतेकांस तान्हे मूल हवे असते. अनेक वर्षांपूर्वी मात्र एक दांपत्य अकरा वर्षांच्या मुलीविषयी विचारावयास आले होते. आम्ही त्यांस म्हणालो, "जाणते मूल परक्या घरी रुळत नाही." ते परत गेले. त्या मुलीने वयाची अठरा वर्षे संस्थेतच पुरी केली. आमचे ते बोलणे शहाणपणाचे होते की केवळ ऐकीव, याचा शोध आम्ही पुढे घेतला. तो आधीच घ्यावयास हवा होता, हे येथे कबूल करणे आमचे कर्तव्य आहे.

इतिहासाने आमचे म्हणणे खोटे ठरविले. इ. स. 1875 मध्ये बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घराण्यातील गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तेच सयाजीराव गायकवाड होत. पुढे 1906 मध्ये त्यांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. इ. स. 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव दत्तक गेले, तेव्हा त्यांचे दहावे वर्ष चालू होते. तेच राजर्षी शाहू छत्रपती. गादीला वारस हवा होता, तेव्हा मूल जाणते आहे ही अडचण कोणास वाटली नाही. उलट त्यांच्याकरिता इलियट व फ्रेझर यांच्यासारखे शिक्षक नेमून वर्षानुवर्षे परिश्रम घेतले गेले. जाणते मूल रुळते. मात्र त्याच्याकरिता कोणीतरी वेळ द्यावा लागतो.

गरिबांच्या मुलांस हा वेळ संस्थांनी दिला. पंढरपुरास 1875 मध्ये प्रार्थना समाजाच्या आश्रयाने बालकाश्रम निघाला. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्यप्रांतातून सुमारे तीनशे मुली आणल्या व केडगावास मुक्तीसदन उभारले. आमच्या कॅथोलिक मिशनांनीही त्या दुष्काळांत अनाथगृहे व बोर्डिंगे चालविली. त्या उपकाराचे मोल कमी करणे आमच्या मनातही नाही. तथापि बोर्डिंगात पंक्ती असते, घंटा असते, प्रार्थना असते. रात्री ताप आला असता केवळ आपल्याच उशाशी बसणारे माणूस असतेच असे नाही.

येथे कोणी म्हणेल की, कायदाच आड येत होता. हे काही अंशी खरे होते. 1956 चा दत्तक कायदा हिंदूंपुरता होता आणि त्यातही, रूढी नसल्यास, पंधरा वर्षांखालील मूलच दत्तक घेता येई. ख्रिस्ती दांपत्यास 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे. मूल सज्ञान झाले की ते संपे आणि वारसाहक्क लाभत नसे. सर्व धर्मीयांसाठी 1972 मध्ये मांडलेले विधेयक सिद्धीस गेले नाही. इ. स. 2000 च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती दांपत्याच्या अर्जावर निवाडा देताना, टाकलेल्या मुलास घर मिळणे हा त्याच्या जीविताच्या हक्काचाच भाग मानला. बालन्याय कायद्यातील 2006 च्या दुरुस्तीने मार्ग अधिक स्पष्ट झाला, आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस या कायद्याने दत्तक घेता येते, असे ठरविले. आता ही सबब उरलेली नाही.

तथापि दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. आईबाप गरीब आहेत एवढ्यावरून त्यांचे मूल घेणे हा दत्तक नव्हे. बालकल्याण समितीने दत्तकयोग्य ठरविलेले मूलच घेता येते. दुसरी अशी की, पाच वर्षांपुढील मुलाची संमती घ्यावी लागते. ज्यांस एकदम दत्तकाचे धैर्य होत नाही, त्यांस काही काळ प्रतिपालनाकरिता मूल घरी आणता येते. अशा कुटुंबास पुढे ते मूल दत्तक घेण्यासाठी पूर्वी पाच वर्षे थांबावे लागे. ती मुदत आता दोन वर्षांची झाली आहे.

जाणते मूल आपली स्मृती घेऊन येते. ते पहिले काही महिने भाकरी उशाखाली लपवील, खोटे बोलेल, आपणांस आई म्हणणार नाही. त्याची जुनी नावे व माणसे पुसून टाकू नयेत. मोशे फारोच्या कन्येकडे आला तो थोडा वाढल्यावर, आणि तिच्या वाड्यात राहूनही आपले लोक विसरला नाही. पोरक्या एस्तेरला मर्दखयाने मुलीप्रमाणे वाढविले. आणि संत योसेफाने ज्या बालकास आपले नाव व घर दिले, त्याच्याविषयी काय सांगावे! बाराव्या वर्षी तो बालक तीन दिवस हरवला, तेव्हा योसेफ मरियेसह त्याला शोधीत फिरला. दत्तक पित्याचे पितृत्व त्या शोधण्यात सिद्ध झाले. आपण सर्वच देवाची दत्तक लेकरे आहोत, असे संत पौल शिकवितो. आणि आपल्यांपैकी कोणासही देवाने केवळ तान्हेपणीच पत्करले, असे नाही.

ज्युबिलीनिमित्त घंटा वाजतील, मंदिरास रंग लागेल, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या अकरा वर्षांच्या मुलीस आम्ही जे घर मिळू दिले नाही, तसे एखादे घर या वर्षी आपल्या धर्मग्रामात उघडले, तर आमच्या वृद्धत्वास मोठे समाधान लाभेल. जे दांपत्य आता विचारावयास येईल, त्यास आम्ही वेगळे उत्तर देऊ, आणि त्याच्याबरोबर समितीच्या दारापर्यंत स्वतः जाऊ.