मेणाला गेलेले तडे

यंत्रापुढें हातकाम टिकत नाहीं, हा धडा ढाक्याच्या मलमलीनें आपणांस इतका पक्का शिकविला आहे कीं, त्याला कोठें अपवाद असेल हें मनांतहि येत नाहीं. जावा बेटांतील बाटिक हा असा एक अपवाद आहे. निदान अर्धा तरी.

बाटिकची रीत उफराटी. चित्रकार रंग हवा तेथें कुंचला फिरवितो. जावांतील स्त्री रंग नको तेथें मेण घालते. तिचें हत्यार चांतिंग, म्हणजे दांडीला बसविलेली, बारीक चोंचीची, तांब्याची इवलीशी वाटी. तींत मेण व राळ यांचा कढत रस घ्यावयाचा, चोंच तुंबली तर फुंकर मारावयाची, आणि कापडाच्या दोन्ही अंगांस तीच रेघ ओढावयाची. मग नीळ, मग मेण काढून, दुसरीकडे घालून, सोगा झाडाच्या सालीचा तपकिरी रंग. उत्तम वस्त्राला महिनेच्या महिने लागत. तिरप्या पट्ट्यांची ‘पारांग’ नक्षी तर मध्य जावाच्या दरबारांत राजकुलासाठींच राखून ठेविलेली होती.

अशा वस्त्रांना घरोघर मागणी पाहून एकोणिसाव्या शतकांत डच कारखानदारांच्या तोंडाला पाणी सुटलें, यांत नवल नाहीं. हार्लेम येथील प्रेव्हिनेअर यांच्या कारखान्यानें कापडाच्या दोन्ही बाजूंस राळ छापणारें यंत्र चालविलें. पण राळेला तडे जात, त्यांतून रंग झिरपे व कापडभर बारीक शिरा उमटत. जावांतील जाणत्या डोळ्यांस हा नवशिक्या हाताचा दोष वाटे. शिवाय तेथील कारागीरहि स्वस्थ बसले नव्हते. शतकाच्या मध्याच्या सुमारास ते तांब्याच्या पट्ट्यांचा ठसा वापरूं लागले. त्याचें नांव ‘चाप’. आपल्या ‘छाप’ शब्दाचाच तो भाऊबंद. महिन्यांचें काम दिवसांवर आलें, भाव उतरले, आणि परदेशी नक्कल मागें पडली. शतकाच्या अखेरीस ती पश्चिम आफ्रिकेंत, आजच्या घानाच्या किनाऱ्यावर, जाऊन पोंचली. आणि तेथें त्याच शिरा लोकांस आवडल्या, कारण त्यांमुळें एक कापड दुसऱ्यासारखें दिसत नसे!

जावाचा विजय निर्भेळ मात्र नव्हता. बारीक रेघेला लागणारें घट्ट विणीचें पांढरें कापड युरोपांतील गिरण्यांतूनच येई. ठशाचें काम पुरुषांच्या हातीं गेलें. चांतिंग बायकांकडे राहिली, पण बाजार ठशाचा झाला. हातकामाचे कौतुक करणारे या गोष्टीकडे सहसा वळत नाहींत.

रवींद्रनाथ १९२७ मध्यें जावास गेले होते. त्यांच्या शांतिनिकेतनांत ही कला पुढें चांगली वाढीस लागली. आपल्याकडे मात्र मेण घातलेलें कापड रंगांत बुडविण्यापूर्वीं मुठींत धरून मुद्दाम चुरगळतात, म्हणजे त्याला भरपूर तडे जावेत. जावांतील एखाद्या जुन्या कारागिरिणीला तें दाखविलें असतें, तर तिनें प्रथम मेणांत राळ किती घातली होती, हें विचारलें असतें.