दाट तेलासाठी भूगर्भात धुमसती आग

भूगर्भातील सर्वच खनिज तेल सहजपणे वाहत नाही. काही ठिकाणी ते मधासारखे, तर काही ठिकाणी डांबरासारखे दाट असते. अशा तेलाची श्यानता, म्हणजे प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध, अधिक असल्याने ते खडकाच्या सूक्ष्म छिद्रांतून विहिरीपर्यंत पोहोचत नाही. साठा सापडूनही त्याचा मोठा भाग जमिनीखालीच अडकून राहतो. थिजलेले तूप उष्णतेने पातळ व्हावे, तसे हे तेलही तापविल्यास पातळ होते. औष्णिक तेलप्राप्तीच्या पद्धती याच गुणधर्मावर आधारलेल्या आहेत.

यांपैकी सर्वाधिक रूढ पद्धत वाफेची. व्हेनेझुएलात १९५९ मध्ये वाफ सोडलेल्या विहिरीतूनच तेल उसळून आले आणि 'चक्रीय वाफ' पद्धत योगायोगाने हाती लागली. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात रॉजर बटलर यांनी सुचविलेली जोडविहिरींची पद्धत वापरली जाते. वरच्या आडव्या विहिरीतून वाफ सोडली जाते. पातळ झालेले तेल गुरुत्वाकर्षणाने खालच्या विहिरीत उतरते.

गुजरातमधील मेहसाणा परिसरातील बलोल व संथाल या क्षेत्रांत मात्र तेल सुमारे एक हजार मीटर खोल आहे. इतक्या खोलवर जाताना वाफेची बरीच उष्णता वाटेतच वाया जाते. शिवाय तेथील भूगर्भीय पाणी दाट तेलाला मागे टाकून विहिरीत शिरते. म्हणून 'ओएनजीसी'ने 'स्वस्थानी ज्वलन' पद्धत निवडली. बलोल येथे १९९० मध्ये प्रयोग सुरू झाला आणि १९९७ मध्ये या पद्धतीचा व्यापारी वापर सुरू झाला. यात खडकात दाबाने हवा सोडून तेलाचा थोडा, सर्वांत जड अंश पेटविला जातो. ज्वलनाची आघाडी हळूहळू सरकते आणि तिची उष्णता, वाफ व वायू उरलेले तेल पुढे ढकलतात.

मात्र या आगीवर सतत लक्ष ठेवावे लागते. हवेचा पुरवठा खंडित झाला, तर ज्वलन मंदावते. विहिरीत तेल व हवा एकत्र आल्यास स्फोटाचा धोका असतो. वाफेच्या पद्धतीत इंधन जाळावे लागत असल्याने कार्बन उत्सर्जन वाढते. गरजेच्या चार पंचमांशाहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या भारताला देशातील दाट तेल सोडून देणे परवडणारे नाही. पण ते काढण्यासाठी किती ऊर्जा खर्ची पडते, यावरच त्याचे खरे मोल ठरते.