पोस्टातील पुंजी

टपालकचेरीच्या खिडकीशी पैसे भरावयास आलेल्या मनुष्यास पूर्वी कोणी फारसे प्रश्न विचारीत नसे. चार आणे द्यावेत, पुस्तकात रक्कम मांडून घ्यावी, तारखेचा शिक्का नीट उमटला की नाही ते पाहावे आणि घरची वाट धरावी. प्रश्न सुरू होत ते पैसे काढावयाच्या दिवशी. सही आपलीच कशावरून? अंगठ्यास साक्षीदार कोण? पुस्तक हरवले म्हणता, तर ते कधी व कोठे? पोस्टाच्या बचत बँकेविषयी लिहिणारे बहुधा ठेवींचे वाढते आकडे देतात आणि त्यावरून जनतेच्या काटकसरीची प्रशंसा करतात. ठेवीदाराच्या बाजूने पाहिले असता हा इतिहास निराळाच दिसतो. ठेवलेला पैसा मागितल्या वेळी हाती आला की नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर त्याने ह्या सरकारी पेढीची परीक्षा केली.

ही कल्पना मूळची विलायतेतील, आणि तिचा जन्मच मुळी एका बुडालेल्या ठेवीतून झाला असे म्हणावयास हरकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील गरिबांसाठी विश्वस्तांनी चालविलेल्या बचत बँका होत्या. गावातील प्रतिष्ठित मंडळी विश्वस्त म्हणून नाव देत आणि प्रत्यक्ष कारभार पगारी चिटणिसाच्या हाती असे. आठवड्यातून काही ठराविक तासच ह्या बँका उघडत. १८४९ मध्ये रॉचडेल येथील अशा बँकेचा कारभारी मरण पावला आणि त्याच्या मागे हिशेब तपासले तेव्हा सत्तर हजार पौंडांहून अधिक रकमेचा पत्ता लागेना. गिरणीकामगारांचे व मोलकरणींचे ते पैसे होते. सरकार जबाबदार असेल अशी त्यांची समजूत होती. पण कायद्याने सरकारची जबाबदारी सरकारी तिजोरीत पोहोचलेल्या पैशापुरतीच होती. कारभाऱ्याच्या खिशात राहिलेल्या पैशाचा वाली कोणी नव्हता.

पुढे हडर्सफील्ड येथील बँकेत नोकरीस असलेल्या चार्ल्स विल्यम साइक्स ह्याने १८५९ मध्ये अर्थमंत्री ग्लॅडस्टन ह्यांस सुचविले की, टपालकचेऱ्या गावोगाव आहेतच, त्यांतूनच बचतीचे पैसे घ्यावेत. १८६१ मध्ये कायदा झाला व त्याच वर्षीच्या १६ सप्टेंबरला काम सुरू झाले. ग्लॅडस्टनला सरकारी खर्चासाठी स्वस्त पैसा हवा होता, हेही खरे. त्यास निव्वळ परोपकार म्हणता यावयाचे नाही. तथापि योजनेत एक व्यवस्था मोठ्या शहाणपणाची होती. स्थानिक पोस्टमास्तराने पुस्तकात नोंद केली तरी तेवढ्यावर भागत नसे. त्या भरण्याची पोच लंडनच्या मुख्य कचेरीतून ठेवीदाराच्या नावे टपालाने वेगळी येई. पोच आली नाही तर ठेवीदाराने लिहून विचारावे. एका मनुष्याच्या सचोटीवर सारा भार टाकावयाचा नाही, हा रॉचडेलचा धडा त्या पोचपावतीत होता.

हिंदुस्थानात सरकारी बचत बँका ह्याच्या आधीच निघाल्या होत्या. १८३३ ते १८३५ च्या सुमारास कलकत्ता, मद्रास व मुंबई ह्या तीन शहरांत. त्यांचा लाभ शहरापुरता, आणि तोही बहुतेक नोकरवर्गास. १८७० पासून जिल्ह्याच्या खजिन्यांत बचतीचे पैसे घेण्यास आरंभ झाला. पण जिल्ह्याचा खजिना म्हणजे पट्टेवाला, कारकून, अव्वल कारकून असे उंबरठे ओलांडून जावयाची जागा. तेथे चार रुपये घेऊन जाण्यास शेतकऱ्याचा पाय उचलला नसेल तर नवल नाही. त्यातच मुंबई इलाख्यातील लोकांनी शेअरबाजाराचा १८६५ चा प्रलय पाहिला होता आणि १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बेसारखी मातबर पेढी मोडलेली पाहिली होती. पैसा जमिनीत पुरावा, नाही तर सोन्यात घालून बायकोच्या गळ्यात ठेवावा, ह्या जुन्या रीतीस अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. तिच्यामागे अनुभव होता.

अशा वेळी २८ जानेवारी १८७३ रोजी सरकारी बचत बँकांचा कायदा झाला. मोजक्या कलमांचा हा लहानसा कायदा. परंतु त्यात दोन गोष्टी अशा आहेत की, त्यांचे महत्त्व त्या काळी किती जणांनी ओळखले असेल कोण जाणे. अज्ञान मुलाने स्वतः पैसे भरले असतील तर ते त्याच्याच हाती परत देता येतील, ही एक. आणि विवाहित स्त्रीने भरलेले, अथवा पुढे विवाह झालेल्या स्त्रीने आधी भरलेले पैसे तिलाच देता येतील व तिची पावती पुरेशी मानली जाईल, ही दुसरी. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा त्यानंतरच्या वर्षी, १८७४ मध्ये, आला आणि त्यातून हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख व जैन स्त्रिया वगळलेल्या होत्या; तो लागू होता तो मुख्यतः ख्रिस्ती व अशाच थोड्या समाजांतील स्त्रियांस. बचत बँकेच्या कायद्याने मात्र विवाह कोणत्या धर्माचा, हा प्रश्नच विचारला नाही. पुस्तक बाईच्या नावाचे, तर पैसे बाईचे. नवऱ्याची संमती आणा, असे खिडकीवरच्या कारकुनास कायद्याने म्हणता येत नव्हते. प्रत्यक्षात तो म्हणत नसेलच असे नाही. आणि घरी नवरा पुस्तक मागून घेत नसेल असेही नाही. पण कायदा तिच्या बाजूस उभा होता, ही गोष्ट लहान नव्हे.

१ एप्रिल १८८२ रोजी बचत बँक टपालखात्याकडे आली. तीन राजधानीची शहरे तेवढी प्रथम वगळली होती. त्यांचा समावेश १८९६ मध्ये झाला. जिल्हा खजिन्यांतील बचत बँका १८८६ मध्ये बंद होऊन त्यांची खातीही पोस्टात आली. कमीत कमी चार आणे भरता येत. व्याज पाच रुपयांवर दरमहा तीन पै, म्हणजे वर्षाकाठी पाच रुपयांस तीन आणे, शेकडा पावणेचार. हा दर सावकाराच्या व्याजाच्या मानाने क्षुल्लक, परंतु मडक्यात पुरलेल्या रुपयास तेवढेही फुटत नाही. दोनच वर्षांपूर्वी, १८८० मध्ये, टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली होती. रत्नागिरीकडचा मनुष्य मुंबईस गिरणीत किंवा घरकामास राहून गावी पैसे पाठवू लागला तो ह्याच खिडकीतून. ज्या पोस्टमनने पैसे बिनचूक आणून दिले त्याच्याच कचेरीत ते ठेवावयास मन तयार झाले, ह्यात अस्वाभाविक काही नाही.

खेड्यात ही कचेरी म्हणजे पुष्कळदा शाळेची पडवी, आणि पोस्टमास्तर म्हणजे गावचा शाळामास्तर. थोड्या भत्त्यासाठी त्याने हे काम पत्करलेले असे. त्याच्यापाशी रोकड बेताचीच. तेव्हा पैसे काढावयाचे झाले की अर्ज आणि पुस्तक वरच्या कचेरीकडे जाई, तेथे सही ताडून पाहिली जाई, मग मंजुरी व पैसे खाली येत. पावसाळ्यात नदी उतरेना म्हणून टपाल अडले तर ठेवीदारही अडला. शिवाय आरंभीच्या नियमाप्रमाणे पैसे आठवड्यातून एकदाच काढता येत. घरात आजारपण आले, बैल मेला, मुलीचा विवाह ठरला, तर ह्या गोष्टी आठवड्याचा हिशेब पाहून येत नाहीत. सावकार रात्री दार उघडी. व्याज जबर घेई, पण दार उघडी. पोस्टाच्या बचत बँकेस शेतकऱ्यापर्यंत पोहोचावयाचे होते, आणि प्रत्यक्षात तिचे ठेवीदार दीर्घकाळ झाले ते कारकून, शिक्षक, शिपाई, घरगडी व पेन्शनर. टपालखात्याच्या वार्षिक अहवालांत ठेवीदारांचे धंदेवार वर्ग दिलेले असत. त्यांत शेतकऱ्यांचा वाटा किती अल्प आहे ह्याची खंत पुनःपुन्हा दिसते. दोष शेतकऱ्याच्या आळसाचा नव्हता. ज्याचे उत्पन्न दरमहा येते त्याच्या सोयीची ही रचना होती.

वर्षातून एकदा व्याज मांडण्यासाठी पुस्तक मुख्य कचेरीकडे पाठवावे लागे. हातात पावतीचा एक चिटोरा राही. निरक्षर माणसास ते दिवस किती लांब वाटत असतील! त्याच्या दृष्टीने पुस्तक हीच ठेव. कचेरीतील मोठ्या वहीत आपले नाव आहे, हे त्याने डोळ्यांनी कधी पाहिलेलेच नसे.

ह्या विश्वासाची पहिली मोठी कसोटी १९१४ मध्ये लागली. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईची इंडियन स्पेसी बँक आणि लाहोरची पीपल्स बँक ह्यांनी दिवाळे काढले होते, व स्वदेशी पेढ्यांवर भरवसा टाकलेल्या अनेकांची पुंजी त्यांत गेली होती. ऑगस्टमध्ये युरोपात युद्ध पेटताच पोस्टाच्या खिडक्यांशी गर्दी लोटली. सरकार हरले तर पुस्तकाचे काय, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी. कोट्यवधी रुपये थोड्या आठवड्यांत निघून गेले. सरकारने खिडकी बंद केली नाही. मागेल त्यास पैसे दिले. त्यानंतर १९१७ मध्ये त्याच सरकारने युद्धासाठी पोस्टातून कॅश सर्टिफिकिटे विकावयास काढली तेव्हा ती खपली, ह्यास १९१४ ची ती उघडी खिडकीच कारण झाली असावी. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर पुन्हा तसाच प्रकार घडला. ह्या खेपेस लोकांस नोटाही नको होत्या; त्यांना चांदीचा रुपया हवा होता. तो इतका घराघरांत दडला की, सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली. पोस्टात पैसे परत मिळाले, पण ते कागदाचे.

राज्य हरेल ही भीती तेव्हा फोल ठरली. राज्यच दोन झाले तर काय, हे १९४७ मध्ये दिसले. सिंधमधून निघालेली कुटुंबे कल्याणच्या छावणीत, आजच्या उल्हासनगरात, उतरली तेव्हा काहींच्या गाठोड्यात घराची किल्ली आणि पोस्टाचे पुस्तक होते. पुस्तक येथे आणि वही तेथे. खाते इकडे आणावयाचे तर तिकडच्या कचेरीने शिल्लक कळवावयास हवी. दोन्ही देशांत ह्या दाव्यांची पडताळणी पुढे वर्षानुवर्षे चालली. देशातील कोणत्याही पोस्टात खाते हलविता येते, हा नियम ठेवीदाराच्या मोठ्या सोयीचा. पण ‘देशातील’ ह्या शब्दाचा अर्थच बदलेल असे नियम करणाऱ्यांच्या ध्यानी आले नव्हते.

गोमंतकाने हा अनुभव आपल्या परीने घेतला. तेथे पोर्तुगीज अमदानीत बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु ही बँक आणि कायशा एकोनोमिका द गोवा ही बचतसंस्था होती. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ह्या दोन्ही संस्थांच्या पुनर्रचनेसाठी १९६२ मध्ये भारत सरकारला खास विनियम करावा लागला. बँकेत तारण ठेवलेले गोवेकरांचे दागिने तर मुक्तीपूर्वीच लिस्बनला नेण्यात आले होते. ते परत आले १९९१ मध्ये. तीस वर्षांत ज्या मुलींच्या लग्नासाठी ते जपले होते त्यांना नातवंडे झाली.

मनुष्य मेल्यावर त्याच्या पुस्तकाचे काय होते, हा घरोघरचा अनुभव. १८७३ च्या कायद्याने येथेही थोडी दया दाखविली होती. तीन महिन्यांत वारसाचा कोर्टाचा कागद आला नाही आणि रक्कम ठरीव मर्यादेच्या आतील असली, तर हक्कदार दिसेल त्यास पैसे देण्याचा अधिकार अधिकाऱ्यास होता. पण ‘हक्कदार दिसेल तो’ कोण, हे ठरवावयाचे कचेरीने. विधवा एकीकडे, दीर दुसरीकडे, आणि साक्षीस गाव. १९५९ च्या दुरुस्तीने वारसाचे नाव आधीच लिहून ठेवण्याची सोय झाली तेव्हा हा वाद पुष्कळसा मिटला. मात्र ते नाव लिहून ठेवावयास हवे. आजही पुष्कळ पुस्तकांत ती ओळ कोरी सापडते.

तो १८७३ चा कायदा २०१८ मध्ये नवे नाव घेऊन सरकारी बचत प्रोत्साहन कायदा झाला. व्याज २०११ पासून शेकडा ४ आहे; २०१९ पासून खात्यात किमान ५०० रुपये ठेवावे लागतात. वह्या गेल्या, संगणक आले. शाळामास्तराच्या पडवीतील कचेरीच्या जागी पोस्टमन अंगठ्याचे यंत्र घेऊन दारी येतो, आणि जो अंगठा पूर्वी सहीवाचूनच्या माणसाचा कमीपणा मानला जाई तोच आता सर्वांची ओळख झाला आहे.

तीन वर्षे खात्यात काही भरले वा काढले नाही, तर टपालखाते त्यास ‘सायलेंट’ म्हणजे मूक खाते म्हणते. बोलणे नाही म्हणून मूक. पैसे कोठे गेलेले नसतात. ते पुन्हा बोलते करावयाचे तर अर्ज, पुस्तक, ओळखीचे कागद आणि सही. एखादी वृद्धा ट्रंकेच्या तळातून पुस्तक काढून खिडकीशी येते. खाते तिने नोकरीच्या पहिल्या वर्षी उघडलेले, माहेरच्या नावाने, वळणदार अक्षरात. आता हात कापतो आणि आडनाव निराळे आहे. कारकून पडद्यावरची जुनी सही पाहतो, कागदावरची नवी पाहतो आणि म्हणतो, आजी, पुन्हा एकदा करा. ती पुन्हा सही करते. तिसऱ्या खेपेस तो विवाहाचा दाखला आणि ओळखपत्राची प्रत जोडून घेतो, अर्जावर शिक्का मारतो आणि पुढच्या आठवड्यात यावयास सांगतो.