चेहऱ्याचा मज्जातंतू : नाव, संहिता आणि भाव

चार्ल्स बेल (१७७४–१८४२) या स्कॉटिश शल्यविशारदाचे नाव चेहऱ्याच्या एका बाजूच्या आकस्मिक पक्षाघाताला कायमचे जोडले गेले आहे. 'बेल्स पाल्सी' ही संज्ञा मराठी वैद्यकीय व्यवहारातही रुळली आहे. तथापि या विकाराचे आद्य वर्णन बेलचे नव्हे. दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात निवर्तलेल्या अल्-राझीने त्याचे विवेचन केले होते. वुर्झबर्गच्या निकोलाउस फ्रीडरिखने १७९८ मध्ये अशा तीन रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि १८०० मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद एडिंबरो येथे निघाला. त्या वेळी बेल त्याच शहरात होता. एखाद्या व्याधीला कोणाचे नाव लाभते, हा प्रश्न केवळ शोधाच्या अग्रक्रमाचा नसतो. कोणत्या भाषेतील कोणती संहिता वाचली गेली, याचाही तो असतो.

आयुर्वेदातील 'अर्दित' ही संज्ञा या विकाराचा पर्याय म्हणून सर्रास दिली जाते. येथे तुलनाकाराने सावध राहावयास हवे. चरकसंहितेनुसार अर्दित अर्ध्या मुखापुरते असू शकते, तसेच अर्ध्या शरीरालाही व्यापू शकते. सुश्रुतसंहिता मात्र ते मुखापुरतेच मर्यादित ठेवते. ही तफावत किरकोळ नाही. आघात मेंदूत आहे की मज्जातंतूत, हा आजच्या निदानातीलही पहिला प्रश्न आहे. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून प्रेरणा मिळत असल्यामुळे मेंदूतील आघातात ते बहुधा शाबूत राहतात. मज्जातंतूच दुखावला असेल तर त्या बाजूच्या कपाळाला आठीही पडत नाही. एकाच शब्दाच्या व्याप्तीत दोन भिन्न व्याधी सामावलेल्या असू शकतात, हे ध्यानी न घेता केलेला पर्याय अनुवाद ठरत नाही.

बेलचा या विषयातील प्रवेश चित्रकलेच्या वाटेने झाला. चित्रकारांसाठी भावदर्शनाची शरीररचना सांगणारा त्याचा ग्रंथ १८०६ मध्ये आला. चेहऱ्याचे काही स्नायू निर्मात्याने मानवाला केवळ भाव प्रकट करण्यासाठीच दिले आहेत, अशी त्याची श्रद्धा होती. १८२१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात गाढवावरील प्रयोगांच्या आधारे त्याने सातव्या मज्जातंतूला चेहऱ्याचा 'श्वसन-मज्जातंतू' म्हटले. पाचव्या मज्जातंतूची वरच्या ओठाकडे जाणारी शाखा कापल्यावर जनावराला ओठांनी चारा उचलता येईना, म्हणून ती शाखाही चालक असल्याचे त्याने मानले. १८२२ मध्ये त्याचाच एकेकाळचा शिष्य हर्बर्ट मेयो याने ही चूक दाखवून दिली. ती शाखा संवेदनेची होती. जनावराला चाऱ्याचा स्पर्शच जाणवत नव्हता.

यानंतर जे घडले ते संहिताचिकित्सेच्या अभ्यासकाला परिचित वाटेल. १८२४ मध्ये आपले निबंध पुनर्मुद्रित करताना बेलने नव्या ज्ञानाशी जुळतील असे शब्दबदल केले. मेरुरज्जूच्या मागील मुळ्या संवेदनेच्या व पुढील मुळ्या चालनेच्या, हे फ्रान्स्वा माझांदीने १८२२ मध्ये प्रयोगांनी दाखविले होते. त्या शोधाच्या श्रेयावरून दीर्घकाळ चाललेल्या वादात हे सुधारित पाठ बेलच्या बाजूने पुरावा म्हणून वावरले. पॉल क्रेनफील्डने १९७४ च्या ग्रंथात मूळ पाठ एकत्र मांडले, तेव्हा या बदलांची व्याप्ती स्पष्ट झाली. प्रयोगशास्त्राचा हा वाद अखेरीस पाठनिश्चितीच्या साधनांनी उलगडला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

ड्यूशेन द बुलोन्य याने १८६२ च्या ग्रंथात चेहऱ्याचे एकेक स्नायू विजेने उद्दीपित करून त्यांची छायाचित्रे सादर केली. त्याचा प्रमुख प्रयोगविषय असलेल्या वृद्धाचा चेहरा संवेदनाशून्य होता. त्यामुळे त्या मुद्रेवर भाव उमटे, पण मागे भावना नसे. खऱ्या आनंदाच्या स्मितात डोळ्याभोवतीचा स्नायू आपोआप आकुंचन पावतो, इच्छेने तसा सहज पावत नाही, असे त्याने नोंदविले. डार्विनने १८७२ मध्ये हीच छायाचित्रे वापरून बेलच्या श्रद्धेचे खंडन केले. ज्या स्नायूंना बेल केवळ मानवाचे आणि केवळ भावदर्शनाचे मानत होता, त्यांची पूर्वपीठिका डार्विनने प्राण्यांच्या सवयींत शोधली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस संशोधनाचा रोख कारणांकडे वळला. १९९६ मध्ये जपानी संशोधकांना १४ पैकी ११ रुग्णांच्या मज्जातंतूभोवतालच्या द्रवात नागीण-वर्गातील हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचा जनुकीय अंश आढळला. विषाणूविरोधी औषध गुणकारी ठरेल, ही अपेक्षा मात्र २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील ५५१ रुग्णांच्या चाचणीत फलद्रूप झाली नाही. ७२ तासांच्या आत सुरू केलेल्या प्रेडनिसोलोनने नऊ महिन्यांनी ९४.४ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले. ते न घेणाऱ्यांत हे प्रमाण ८१.६ टक्के होते.

उरलेल्या रुग्णांचा चेहरा मात्र कायमचा बदलतो. पापणी मिटत नाही, स्मित एका बाजूलाच थांबते आणि समोरची व्यक्ती त्यात उपहास वा अनास्था वाचते. तुटलेले तंतू पुन्हा वाढताना कधीकधी वाट चुकतात. लाळेसाठी निघालेले तंतू अश्रुग्रंथीपर्यंत पोहोचतात आणि जेवताना डोळे पाझरू लागतात. वैद्यक याला 'नक्राश्रू' म्हणते. ज्या रुग्णाच्या मनात कपटाचा लवलेश नाही, त्याच्या माथी भाषेने कपटाचा शब्द मारला आहे. भरतमुनींनी अश्रूची गणना आठ सात्त्विक भावांत केली, कारण ते मनाच्या समाहित अवस्थेतून येतात, असे नाट्यशास्त्र मानते. येथे मात्र सत्त्वावाचून अश्रू आहेत आणि स्मितावाचून आनंद आहे. अनुभावावरून भाव ओळखण्याची वाचकाची, प्रेक्षकाची आणि वैद्याची रीत ज्या नाजूक तंतूवर उभी आहे, तो तुटला असता आतला भाव नाहीसा होत नाही. तो वाचता येत नाही, इतकेच. अशा चेहऱ्यापुढे वाचणाऱ्यानेच आपला निष्कर्ष लांबणीवर टाकणे, हे या इतिहासातून निघणारे किमान कर्तव्य आहे.