सांवता माळ्याचा हिवाळी मळा व ‘मिरची’ हा शब्द

अरणच्या सांवता माळ्याचा मळ्यावरील अभंग ठाऊक नाहीं असें घर महाराष्ट्रांत विरळा. कांदा, मुळा, भाजी, लसूण, मिरची, कोथिंबीर हा सर्व आपला देवच, असा त्याचा आशय. पुढें मोट, नाडा, विहीर व दोरी यांचीहि गणना येते. या अभंगाचें भक्तिपर विवेचन पुष्कळ झालें आहे. आम्हांस येथें तो शेतीचा एक जुना कागद म्हणून तपासावयाचा आहे.

सांवतोबांचें निर्याण परंपरेनें शके १२१७ (इ. स. १२९५) मध्यें मानितात. अरण हें सोलापूर जिल्ह्यांत, माढा तालुक्यांत, मोडनिंबाजवळ आहे. प्रांत कमी पावसाचा. तेथील मुख्य पीक परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरलेला शाळू. भाजीपाला मात्र नुसत्या ओलीवर साधत नाहीं, त्यास विहीर पाहिजे. पावसाळा सरला म्हणजे विहिरीस पाणी असतें व हवेंत गारवा येतो. माळ्याचे खरे दिवस हेच. मुळा व कोथिंबीर दीड महिन्यांत हातीं येतात. पण ऊन तापूं लागलें कीं कोथिंबीर फुलावर जाते व मुळा जून होतो. लसूण आश्विन-कार्तिकांत लावावा, फाल्गुन-चैत्रांत काढावा. कांद्याचें रोप थंडींत लावितात, काढणी उन्हाळ्याच्या तोंडीं. म्हणजे अभंगांतील ही यादी सुचतील तीं नांवें जुळवून झालेली दिसत नाहीं. मोटेच्या पाण्यावर धरलेल्या हिवाळी वाफ्यांचीच ती यादी आहे, आणि ती माळ्याच्या हातची आहे.

विहिरीच्या आश्रयानें भाजी करण्याची चाल फार जुनी. कौटिलीय अर्थशास्त्राच्या सीताध्यक्ष प्रकरणांत वेलफळांस पुराचा फेस पोंचतो ती नदीकांठची जमीन व शाकमूलांस विहिरीच्या आसपासची जमीन सांगितली आहे. मजूर व पाणी यांचें मान पाहून हिवाळी किंवा उन्हाळी पीक धरावें, असेंहि तेथें आहे. पाण्यावरील राजभाग हातानें आणिलेल्यास पांचवा, खांद्यानें आणिलेल्यास चौथा. मराठी दप्तरांत मोटस्थळ व पाटस्थळ असा बागाईत जमिनीचा भेद आढळतो, त्यांतहि पाणी कोणत्या साधनानें येतें हाच विचार आहे. जातां जातां एक गोष्ट. संस्कृतांत या पिकास ‘हैमन’ म्हणतात, तें वाढीच्या ऋतूवरून. ‘रबी’ या अरबी शब्दाचा अर्थ मात्र वसंत, कारण तें नांव कापणीच्या ऋतूवरून पडलें.

आतां शब्दांकडे वळूं. मुळा हा मूलक, लसूण हा लशुन, कोथिंबीर ही कुस्तुंबुरी, कांदा हा कंद. सर्वांचें कूळ सरळ लागतें. अडतें तें मिरचीपाशीं. मिरचीचें झाड मूळचें अमेरिकेंतील. कोलंबस तिकडे पोंचला इ. स. १४९२ मध्यें, वास्को द गामा कालिकतास आला १४९८ मध्यें, गोवें पोर्तुगीजांकडे गेलें १५१० मध्यें. सांवतोबांच्या निर्याणानंतर किमान दोनशें वर्षें तरी ही वस्तु या देशांत नव्हती.

हा अभंग आम्हीं शाळेंत अनेक वर्षें शिकविला. एकदां एका विद्यार्थ्यानें उठून विचारलें कीं, मिरची अमेरिकेची असें भूगोलाच्या तासास सांगितलें, मग ती सांवतोबांच्या मळ्यांत कोठून आली? आम्हीं त्यास खालीं बसविलें. त्याचा प्रश्न बरोबर होता. आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

कोणी म्हणतील, येथें मिरची म्हणजे मिरीच. शब्द तोच राहून वस्तु बदलते हें खरें. ‘गृंजन’ शब्द अमरकोशांत लसणाच्या पर्यायांत आहे, तर मागाहूनच्या व्यवहारांत तो गाजरास लागला. आम्हींहि तो कित्येक वर्षें गाजर म्हणूनच सांगितला. मिरची हें नांवहि मिरीवरूनच पडलें आहे. परंतु मिरीचा वेल मलबार-कोंकणच्या दमट हवेचा. माढ्याकडील कोरड्या मळ्यांत तो लावील कोण? संपूर्ण अभंगच उत्तरकालीन म्हणावा, तर एका शब्दापायीं बाकीची निर्दोष यादी टाकून द्यावी लागते. तेंहि आम्हांस धाडसाचें वाटतें.

सांवतोबांचे अभंग काशीबा गुरवानें लिहून घेतले अशी परंपरा आहे. उपलब्ध अभंग थोडे, आणि ते शतकानुशतकें टाळकऱ्यांच्या मुखीं फिरलेले. मिरची घरोघर झाल्यावर गाणाराच्या तोंडीं एखाद्या जुन्या, अपरिचित नांवाच्या जागीं ती सहज बसली असावी, असा आमचा तर्क आहे. मूळचा शब्द कोणता, हें मात्र छापील गाथांवरून ठरणार नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं संतवाङ्मयाचीं जुनीं बाडें असतील त्यांनीं हा चरण अवश्य काढून पाहावा, आणि तेथें मिरचीहून निराळें अक्षर असल्यास, बाडावरील शकासह व लेखकाच्या नांवासह, तें जसेंच्या तसें उतरून मंडळाकडे पाठवावें. ‘शुद्ध’ करून पाठवूं नये.