माहुलची तिवरे आणि झेवियर्सची प्रयोगशाळा

माहुलच्या खाडीस ओहोटी लागली म्हणजे तिवरांच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीएवढाली मुळे आकाशाकडे तोंड करून उभी दिसतात. खाडीच्या चिखलात प्राणवायू मिळत नाही म्हणून हे झाड आपली मुळे वर काढून श्वास घेते. येथील कोळी-आगरी मंडळींना त्याचे नवल नाही. परंतु १९०५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातील खारफुटीच्या जीवनक्रमावर एक शास्त्रीय लेख प्रसिद्ध झाला आणि त्याचा लेखक एक येशूसंघीय होता, हे आमच्या किती वाचकांस ठाऊक असेल?

हा विषय काढण्याचे कारण साधे आहे. बारावीचा निकाल लागला की पालक आमच्याकडे येतात. वैद्यकीय प्रवेश हुकलेला असतो. मुलगी म्हणते, जीवशास्त्र शिकेन. विद्याविहारला २०१९ पासून सोमय्यांचे खासगी विद्यापीठ आहे, पार्ल्याच्या नरसी मोनजी संस्थेला २००३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मात्र शुल्काचा आकडा ऐकून बाप गप्प होतो. "फादर, सरकारी शिक्षण नाही, डॉक्टरकीही नाही, मग एवढा पैसा कशासाठी?" या प्रश्नाची आम्ही टिंगल करीत नाही. ज्याच्या घरचा दागिना गहाण पडणार आहे, त्याने तो विचारलाच पाहिजे.

इतिहास एवढेच सांगतो की मुंबईत जीवशास्त्राचा अभ्यास केवळ सरकारच्या आश्रयाने वाढला नाही. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ आरंभी परीक्षा घेई. शिकवीत ती महाविद्यालये. त्यांपैकी सेंट झेवियर्स येशूसंघीयांनी १८६९ मध्ये उघडले. स्वित्झर्लंडमध्ये १८७७ साली जन्मलेले फादर एथेलबर्ट ब्लाटर १९०३ मध्ये मुंबईस आले, येथे वनस्पतिशास्त्र शिकवू लागले आणि १९०६ मध्ये त्यांनी वाळविलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा पाया घातला. आज ब्लाटर हर्बेरियम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संग्रहात सुमारे दोन लाख नमुने आहेत. १९१९ ते १९२४ ते प्राचार्यही होते. पुढे त्याच महाविद्यालयात स्पेनहून आलेले फादर सांतापाव शिकवू लागले. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ अभ्यासकांस परिचित आहे. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५४ मध्ये वनस्पती सर्वेक्षणाची पुनर्रचना करताना याच खासगी महाविद्यालयातील प्राध्यापकाला मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ नेमले. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

परंतु आम्हांस अधिक जवळचे वाटतात ते फादर कायुस. फ्रान्समध्ये जन्मलेले हे धर्मगुरू परळच्या हाफकिन संस्थेत औषधिविभागात काम करीत. मिठागरात, भातशेतीत साप चावला म्हणजे माणसे पाला वाटून पाजीत. डॉ. म्हसकर आणि फादर कायुस यांनी सर्पदंशावर गुणकारी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तीनशेहून अधिक वनस्पती एकेक करून प्राण्यांवर तपासल्या. १९३१ साली निष्कर्ष छापला गेला : नाग आणि घोणस यांच्या विषावर त्यांपैकी एकीचाही उपयोग होत नाही. वर्षानुवर्षे खपून हाती "नाही" एवढेच उत्तर यावे, याला कोणी अपयश म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. पाल्यावर विसंबून लस टोचून घेण्यास उशीर करणारा रोगी त्या "नाही"ने वाचू शकत होता. यासाठी डॉक्टरची पदवी असून भागत नाही. प्रयोगशाळेत चिकाटीने बसणारा माणूस लागतो.

माहुलला असा माणूस आज हवा आहे. १९५० च्या दशकात येथे तेलशुद्धीकरण कारखाने आले; भोवती टाक्या, रसायने, वास. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने येथील दूषित हवेचा रहिवाशांच्या आरोग्यास धोका असल्याचे मान्य केले. अन्य ठिकाणची घरे पाडून येथे आणून टाकलेल्या कुटुंबांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने अशांना येथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, असा पवित्रा घेतला. न्यायालयापुढे रडून चालत नाही. हवेतील द्रव्ये आणि माणसाच्या फुप्फुसातील बिघाड मोजून दाखवावा लागतो. आणि त्याच खाडीत हिवाळ्यापासून रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, हे कोडेही कोणीतरी अभ्यासायचे आहेच.

प्रश्न विचारणाऱ्या त्या बापाची मुलगी आता अशाच एका संस्थेत दुसऱ्या वर्षाला आहे. अर्धे शुल्क कर्जाचे, उरलेले मावशीचे. गेल्या माघात ती चिखलाचे नमुने घ्यायला बाटल्या घेऊन खाडीवर आली. तिवराची मुळे दाखवून ती बापाला त्यांचे कार्य समजावू लागली, तेव्हा तो म्हणाला, "ते आम्हांला ठाऊक आहे गं. पण पूर्वी येथे निवट्या किती मिळत, ते लिहून घे." तिने वही काढली. तो सांगत गेला, आणि भरती येईपर्यंत आम्ही दोघांजवळ उभे होतो.