दोष दफ्तराचा कीं कारकुनाचा?

कांहीं वर्षांपूर्वीं एका मोडी पत्रांतील तिथि व वार यांचा मेळ बसेना, म्हणून तें पत्र बनावट ठरवून आम्हीं बाजूस सारिलें. चूक पत्राची नव्हती. एक अंक आम्हींच चुकीचा वाचला होता. वाचणाराचा दोष कागदावर लादण्याची ही खोड केवळ इतिहासकारांचीच नव्हे. जुन्या संगणकांचा जीर्णोद्धार करणारांसही तीच सांभाळावी लागते, आणि तिजवरचा त्यांचा उपाय आमच्यापेक्षां अधिक शिस्तीचा आहे.

१९५७ सालीं केन ऑल्सन व हार्लन अँडरसन यांनीं अमेरिकेंतील मेनार्ड गांवीं, लोकरीच्या एका जुन्या गिरणींत, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी काढली. तिनें १९६५ सालीं पीडीपी-८ हें यंत्र १८,००० डॉलरांस विकावयास काढलें, आणि लहान प्रयोगशाळांसही संगणक आवाक्यांत आला. १९७० सालीं पीडीपी-११ हा मिनिकॉम्प्युटर निघाला. टॉम्सन व रिची यांची, पीडीपी-७ वर आरंभिलेली युनिक्स प्रणाली पुढें याच यंत्रावर वाढली.

या यंत्राचें दफ्तर म्हणजे आरके-०५ या चालकांत बसणारी चौदा इंची चकती. ती मिनिटास १,५०० फेरे घेते व सुमारें २५ लाख अक्षरें सांठविते. आरके-११ हा कंट्रोलर त्या दफ्तराचा कारकून होय. हवा तो रुमाल काढावा, शिरोभाग ताडून जागा बरोबर असल्याची खात्री करावी, मजकूर संगणकाच्या स्मृतींत नेऊन ठेवावा, आणि शेवटीं बेरीज जुळली कीं नाहीं तें सांगावें, हीं त्याचीं कामें.

आतां अनेक दशकांनीं यंत्र चालू केलें आणि प्रत्येक वाचनास 'बेरीज चुकली' अशीच तक्रार उठूं लागली, तर दोषी कोण? प्रथम विजेचा पांच व्होल्टांचा पुरवठा तपासावा. नंतर पाहावें, कीं चूक एकाच जागीं होत असेल तर संशय चकतीवर. चकती बदलूनही राहिली तर चालकावर. चालक व केबल बदलूनही तक्रार हुबेहूब तीच असेल, तर तक्रार करणारा कारकूनच संशयित. परंतु परीक्षेचे प्रोग्रॅम चकतीवर, आणि चकती तर वाचतां येत नाहीं! मग दर्शनी फळीवरील कळा वरखालीं करून एकेक आज्ञा हातानें भरावी लागते. कंट्रोलरच्या रजिस्टरांत सोळा बिटांपैकीं एकेकांत '१' लिहून परत वाचला, आणि एक बिट कधींच '१' होत नाहीं असें दिसलें, म्हणजे धागा हातीं लागतो. तेथून ऑसिलोस्कोप घेऊन मागें मागें जावें, तों एखादी अशी चिप भेटते, कीं जिच्यांत संदेश बरोबर शिरतो आणि बाहेर चुकीचा पडतो. या शोधांत वाट दाखवितात ते कंपनीनें गिऱ्हाइकांस दिलेले नकाशे. ती कंपनी १९९८ सालीं कॉम्पॅकमध्यें विलीन झाली. नकाशे मात्र उरले आहेत.

येथें उतावीळपणा फार महाग पडतो. नादुरुस्त कंट्रोलर नुसता चुकीचें वाचतो असें नाहीं; वाचावयास सांगितलें असतां एखादे वेळीं लिहूनही बसतो. चालकांतील जुन्या फोमचा चुरा चकतीवर पडला तर वाचक-शीर्ष तिला ओरबाडून काढतें. म्हणून जाणते लोक सर्व अदलाबदल टाकाऊ चकत्यांवर करितात, लेखनबंदीची कळ दाबून ठेवितात, आणि जिची दुसरी प्रत नाहीं अशी चकती दोष निघेपर्यंत यंत्राजवळ आणीतच नाहींत.

मग एक चिप बदलतात, आणि कालपर्यंत भ्रष्ट वाटलेली चकती अक्षर न् अक्षर बोलूं लागते. ती मुकी कधींच नव्हती. ऐकणारा बहिरा होता. आम्हीं तें मोडी पत्र बाजूसच सारिलें होतें, फाडलें नव्हतें, एवढेंच आमचें सुदैव.